साहेब रजेवर नव्हते

कुसुम,

तू गेलीस त्याला आज चोवीस दिवस झाले. परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझ्या शाळेतल्या बाई बोलल्या, निलंग्याहून आलेला तुझा भाऊ बोलला, आणि शेवटी माइक माझ्या हातात दिला. "आमच्या मिसेसचा स्वभाव फार चांगला होता," एवढं म्हणून मी खाली बसलो. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात दुसऱ्यांची पत्रं लिहिण्यात गेली आणि स्वतःच्या बायकोविषयी दुसरं वाक्य सापडलं नाही. तू समोर असतीस तर पदर तोंडाशी धरून हसली असतीस.

म्हणून आज चहा झाल्यावर कागद घेऊन बसलो. आपली प्रज्ञा कामावर गेलीय. डबा तिनंच केला, तिचाही आणि माझाही. मला तुझ्याशी बोलायचंय. त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती तू असताना माझ्या तोंडून निघाली नाही. ती शेवटी सांगतो. आधी जे सांगायला सोपं आहे ते सांगू दे.

आपलं भांडण तसं एकच होतं. वर्षानुवर्षं तेच चाललं. तू म्हणायचीस, "होईल." मी म्हणायचो, "कशावरून?" तू मेथी निवडत असायचीस नाहीतर वह्या तपासत असायचीस, आणि मान वर न करता परत म्हणायचीस, "होईल हो." मी कारकून माणूस. मला कशालाही कागदाचा आधार लागतो. तुझ्याकडं कसलाच कागद नव्हता. चिडून मी एकदा म्हणालोही, "तू काय ज्योतिषी हायस का?" तू म्हणालीस, "न्हाई. आई हाय."

प्रज्ञा तुझ्याच शाळेत होती, विष्णुपुरीच्या अलीकडच्या गावात. पहिलीतलं कुठलंही लेकरू दिवाळीपर्यंत तुझ्या हाताखाली वाचायला लागतं, असं आसपासच्या सगळ्या शाळांत बोललं जायचं. आपली पोरगी तर दुसरीतच धडे घडाघडा म्हणायची. तिसरीत असताना एक दिवस तू वर्गात फिरता फिरता तिच्या मागं जाऊन उभी राहिलीस. ती धडा वाचत होती. एक शब्द चुकत नव्हता. आणि तिच्या पुढ्यात पुस्तक उघडं होतं ते भलत्याच पानावर. दोन वर्षं पोरीनं सगळं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. तू साऱ्या वर्गासमोर तिच्या कानाखाली मारलीस. "बाईलाच फसवती?"

हे तूच मला सांगितलंस, त्याच संध्याकाळी, ओट्याला टेकून उभी राहून. शाळेतून येताना स्कूटीवर ती मागं बसली होती. चढावर तिनं तुझ्या पाठीला तो मार लागलेलाच गाल टेकवला आणि विचारलं, "आई, मला ऐकल्यावर समदं कळतं. मग वाचायचं कामून?" तू गाडी बाजूला घेतलीस आणि कितीतरी वेळ तशीच हँडल धरून बसलीस. मला सांगताना तू उजवा हात पुढं केलास. "अजून झिणझिणून राहिलाय," म्हणालीस. मी काय म्हणालो आठवतं? "एखादी बसली तर काय होतंय. अभ्यास तरी करील." मला वाटलं होतं, मी तुझी समजूत घालतोय.

आपल्या नात्यातली, शेजारपाजारची सगळी हुशार पोरं शिकवणीसाठी लातूरला जायची. आपणही पोरीला घेऊन लातूरची एसटी धरली, पण डॉक्टरकडं. त्या मॅडमनी तिला ठोकळे दिले, चित्रं दिली, गोष्टी सांगून उलट विचारल्या. तीन खेपा झाल्या. मग आपल्याला समोर बसवून म्हणाल्या, पोरगी चांगली हुशार आहे, पण लिहिलेलं अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ तिच्या डोक्यात सहजी बसत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा आळस नाही आणि वेडही नाही. हे जाणार नाही, पण हिला वेगळ्या रस्त्यानं शिकवता येईल.

मी विचारलं, "औषध काय?"

तू विचारलंस, "मी काय करू?"

परतताना चाकूरच्या थांब्यावर तू तिला पेरू घेऊन दिलास. मला वाटलं होतं तू वाटेत रडशील. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस आणि बोटांवर काहीतरी मोजत होतीस. काय मोजतेस म्हणून विचारलं तर म्हणालीस, "माझ्या हातची लेकरं आठवून राहिले. ज्यांना मी ढ म्हनलं ती."

त्यातलं तुझ्या मनातून न जाणारं नाव मंगलचं. लग्नाच्या आधी तुझी पहिली नेमणूक चाकूरकडच्या एका खेड्यात होती. तिथल्या एका शेतकऱ्याची ही पोरगी. चौथीपर्यंत तिला वाचता आलं नाही. तू तिला छडीनं मारायचीस, आणि चौथीनंतर तिनं शाळा सोडली. दिवाळीच्या सुट्टीत तू हट्टानं मला त्या गावी नेलंस. मी सबंध रस्ता कुरकुरत होतो. इतक्या वर्षांनी कोण कुणाची माफी मागतं, आणि तीही बाईनं, आपणच शिकवलेल्या पोरीची?

मंगल त्याच गावात दिली होती. अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं आणि ती ते पायानं पसरवत होती. तुला बघून धावत आली, पाया पडली, आत नेऊन बाजेवर बसवलं. तू पाणीसुद्धा न पिता बोलायला लागलीस. "मंगल, मी तुला लई मारलं गं. तुझी चूक नव्हती. मला कळत नव्हतं. माझं चुकलं."

ती पार गोंधळली. "आवो बाई, काय बोलून राहिल्या! शाळेत समदेच मारायचे. मला तर ध्यानातबी न्हाई." मग चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली. आपण उठलो, उंबऱ्याबाहेर आलो, तेव्हा ती मागून हळूच म्हणाली, "बाई, खोटं कामून बोलू? ध्यानात हाय. तुमी निळी साडी नेसल्या होत्या." आणि तू काही बोलायच्या आत पुढं म्हणाली, "माझी थोरली दुसरीला हाय. तिलाबी वाचता येईना. तिच्या बाईला तुमी सांगता का, मारू नका म्हून?"

मला वाटलं होतं मंगलनं माफ केलं की आपण दुपारची गाडी धरू. तू मला घेऊन त्या मुलीच्या बाईंचं चाकूरमधलं घर शोधत गेलीस. तरुण मुलगी होती, नुकतीच नोकरीला लागलेली. तिच्या घरी परातीत रवा पसरून तू तिला बोटानं अक्षरं गिरवायला लावलीस, तोंडानं आवाज काढत काढत. ती आधी अवघडली, मग लिहायला लागली. शेवटची गाडी चुकता चुकता मिळाली. त्यानंतर कुठल्याही शाळेत तुझ्या हातात छडी दिसली नाही. मंगलच्या पोरीचं पुढं कसं चाललंय ते तुला फोनवर कळायचं. तू फोन ठेवून काहीतरी सांगायला यायचीस आणि मी पेपरात डोकं घालून बसलेला असायचो. ते मी ऐकून घ्यायला हवं होतं.

आपल्याही घरी मग रव्याची परात आली. पोळ्यांच्या कणकेतून अक्षरं यायला लागली. प्रज्ञाच्या नावावरून आपलं किती वाजलं ते आठवतंय ना? पोरीला स्वतःच्याच नावातलं प्र आणि ज्ञ लिहिता येईना. वर्गातली पोरं म्हणायची, नाव प्रज्ञा आणि डोक्यात भुसा. मी म्हणालो, शाळेच्या दाखल्यावर नाव बदलून घेऊ, सीमा ठेवू, लिहायला सोपं. मी अर्जही लिहून आणला होता, चांगल्या वळणदार अक्षरात. तू तो वाचलास आणि घडी घालून माझ्या खिशात परत ठेवलास. "नाव तिचं हाय," म्हणालीस. "तिला झेपल तेव्हा ती लिहील. आपण ते लहान करायचं न्हाई." नंतर जत्रेतल्यासारखं झालं, जो भेटेल तो उपाय सांगायचा. माझ्या मावशीनं ताईत आणून दिला. तू तो न रागावता परत दिलास आणि तिला जेवायला वाढलंस. पोरीला मात्र सकाळच्या बुद्धवंदनेला शेजारी बसवून तू ओळीओळीनं म्हणायचीस आणि ती मागून म्हणायची. तिथं तिचा एक शब्द चुकत नसे. वंदना झाली की तू तिच्याकडं अशी बघायचीस जसा तिचा पहिला नंबर आलाय.

आठवीपासून तू तिची सगळी पुस्तकं मोबाइलवर वाचून ठेवायला लागलीस. शाळेतून आलीस की पंखा बंद करून, दार लोटून बसायचीस. ते आवाज अजून आहेत. इतिहासात कुकरच्या शिट्ट्या आहेत, विज्ञानात भाजीवाला आहे. नद्यांच्या धड्यात मी मधेच विचारतो, "कुसुम, माझा रुमाल?" आणि तू न थांबता म्हणतेस, "दोरीवर," आणि लगेच पुढं ब्रह्मपुत्रा चालू करतेस. गेल्या रविवारी प्रज्ञानं तो धडा लावला. "ब्रह्मपुत्रा म्हनलं की मला अजून बाबाचा रुमालच आठवतो," म्हणाली आणि हसली. मीही हसलो. मग मला तिथं बसवेना. मागच्या अंगणात जाऊन तुझ्या कढीपत्त्याला पाणी घालत राहिलो, पार चिखल होईपर्यंत.

आयटीआयचंही तसंच. तिला हातानं करायचं काम आवडतं, हे तुझ्या आधी लक्षात आलं. घरातला मिक्सर तिनं उघडला तेव्हा मी ओरडलो. तू शेजारी बसून स्क्रू ताटलीत ठेवत होतीस. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती गेली आणि तिथून मोटारी भरायच्या दुकानात कामाला लागली. शेतातल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी येतात, त्यातली जुनी तार कापून काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे एकेका खाचेत बसवायचे. "पोरीचं काम हाय का हे?" मी म्हणायचो. तुझं उत्तर ठरलेलं, "होईल." आता लोहा, कंधारकडचे शेतकरी मोटार आणून टाकतात आणि मालकाला बजावून जातात, ताईनंच भरली पाहिजे. मी हे ऐकलंय. तुला ऐकायला घेऊन गेलो नाही. मला वाटायचं, एवढ्यात काय घाई आहे.

दवाखान्यातसुद्धा आपण भांडलो. तुला धाप लागत होती, नाकाला नळी होती, आणि तू विषय काढलास, तिला आता स्वतःचं दुकान टाकू दे. मी म्हणालो, दुकान टाकायचं म्हणजे पावत्या आल्या, कंपनीची पत्रं आली, कोण वाचणार ते? "तुमी हाव की रिकामे," तू म्हणालीस. नर्सही हसली. मग तू म्हणालीस, "होईल." आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कशावरून?" तू डोळे मिटून घेतलेस. नंतरचे दोन दिवस तू पाणी मागितलंस, पोरगी जेवली का विचारलंस. पण भांडण म्हणशील तर ते शेवटचं. ते तसंच अर्धं राहिलं.

आता दहावीचं. ते मी मागं ठेवलं होतं.

दहावीला तिला लेखनिक मिळणार होता, जादा वेळ मिळणार होता. त्यासाठी फॉर्म भरून लातूरच्या बोर्डात द्यायचा होता आणि सोबत डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत, वर मोठ्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. तू फॉर्म माझ्याकडं दिलास. "तुमच्या अक्षरात भरा," म्हणालीस, "आणि तुमच्या साहेबांची सही घेऊन या." फॉर्म मी त्याच दिवशी भरला. सुंदर भरला. साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. आत दोघं-तिघं बसले होते. ऑफिसात कुणाच्या लग्नाची पत्रिका असो की निरोपाचं मानपत्र, सगळे माझ्याकडं यायचे, अक्षर माझं म्हणून. आणि माझ्या मुलीला लिहिता येत नाही, हे त्या कागदावर डॉक्टरांच्या शिक्क्यासकट लिहिलं होतं. मी दारातून मागं फिरलो आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला.

तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "साहेब रजेवर हायत." दोन दिवसांनी परत विचारलंस, परत तेच सांगितलं. साहेब रजेवर नव्हते, कुसुम. रोज माझ्यासमोरून केबिनमध्ये जात होते. मी रोज ड्रॉवर उघडायचो, फॉर्मकडं बघायचो आणि ड्रॉवर बंद करायचो. अकरा दिवस. मुदत संपायला आली होती. मग एका संध्याकाळी मी घरी आलो तर तू चपला काढत होतीस, शेजारी प्रज्ञा. "राहू द्या तो फॉर्म," तू म्हणालीस. "दुसरा भरला. देऊन आलो लातूरला." आवाज नेहमीचा होता. तू मला जेवायला वाढलंस. मी खाली मान घालून जेवलो.

ती पास झाली. आठवीतल्या एका मुलीनं तिचं उत्तर ऐकून ऐकून लिहिलं आणि ती पास झाली. तू गल्लीत पेढे वाटलेस, मी तुझ्या मागं बॉक्स धरून फिरलो. सगळे मलाही अभिनंदन म्हणत होते. तो फॉर्म मी निवृत्तीच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करताना घरी आणला आणि माझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये खाली सारला. तुला दाखवायचं किती वेळा ठरवलं. तू समोर आलीस की वाटायचं, उद्या.

काल दुपारी मी प्रज्ञाला म्हणालो, चल, एक गाळा बघून येऊ. विष्णुपुरीच्या रस्त्यावर आहे, समोर ट्रॅक्टर उभा राहील एवढी जागा आहे. तिनं पिशवीत मोजमापाची टेप टाकली. गाळ्याचं शटर अर्धं वर केलं, आत जुन्या सिमेंटचा वास होता. ती भिंती निरखत होती, वेढे घालायचं मशीन कुठं, वार्निश वाळवायची भट्टी कुठं, मोटारी उतरवायला साखळी कुठं लावायची ते बोटानं हवेत दाखवत होती. मी खिशातून तो फॉर्म काढला.

तिनं तो हातात घेतला नाही. "काय हाय?" म्हणाली. मी तिला वाचून दाखवला. तिचं नाव, जन्मतारीख, मागितलेल्या सवलती, सगळं. आणि मग ड्रॉवरचं सांगितलं. अकरा दिवसांचं सांगितलं. साहेबांचं सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, कारण तिथं बसायला काही नव्हतं.

ती म्हणाली, "माहीत हाय मला."

"कसं?"

"आईनं तुमच्या हापिसात येऊनच सही घेतली की. तुमी साइटवर गेल्ते. मी होते संगं. साहेबांनी आमाला चहा पाजला. आई म्हनली, यांना सांगू नका, उगा वाईट वाटंल."

म्हणजे तू तिथं येऊन गेली होतीस. रजेवरचे साहेब तू खुर्चीत बसलेले बघितले होतेस. त्यानंतर आपण किती वर्षं ताटाला ताट लावून जेवलो, आणि तू एकदाही, चिडून भांडतानासुद्धा, ते माझ्या तोंडावर मारलं नाहीस.

मी प्रज्ञाला विचारलं, "तुला काय वाटलं तेव्हा?"

ती टेप उघडबंद करत राहिली. मग म्हणाली, "लातूरच्या गाडीत मी आईला विचारलं, बाबाला माझी लाज वाटती का? आई म्हनली, लाज न्हाई, भ्या वाटून राहिलं त्यांना. तुला अक्षर उमजायला येळ लागला, तसा त्यांना तू उमजायला लागून राहिला. आपण थांबू."

"मग?"

"मग काय. थांबलो आमी."

माझ्या हातात फॉर्म होता आणि डोळ्यांपुढचं माझंच अक्षर मला वाचता येईना. मी म्हणालो, "लई उशीर केला गं मी. तुझी आई तर गेली."

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं, अगदी तू बघायचीस तसं, मान जराशी तिरकी करून.

"आलात की," ती म्हणाली. "आता हे टोक धरा. भिंतीला लावून धरा, नीट."